रंजनाच्या नावाची काच

रक्त घेण्याआधी थूलभाऊ प्रत्येकाला त्याचं नाव विचारत. ज्याच्या लग्नात ते पंगतीला बसले होते, ज्याची पोरं त्यांनी कडेवर घेतली होती, त्यालाही. समोरच्याचं बोट डाव्या हातात धरायचं, स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि सुई टोचण्याआधी मान वर करून म्हणायचं, "नाव सांगा. पुरं सांगा, आडनावासकट." लोक हसत. गावातली एक म्हातारी तर वैतागून म्हणायची, "काऊन जी, काल तं माह्या घरी चहा पिऊन गेला, आज नाव इसरला?" थूलभाऊ हसत नसत. ती नाव सांगेपर्यंत बोटही सोडत नसत. मग काचेच्या पट्टीवर एक जाड थेंब, शेजारी एक पसरवलेला थेंब, आणि ते वाळलं की त्या वाळलेल्या रक्तावरच शिसपेन्सिलीने नाव आणि नंबर. नाव लिहून झालं की ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचत. त्या माणसाने "हाव" म्हटल्यावरच काच डबीत जाई.

मी आर्वीची. नर्सची पहिली नेमणूक मिळाली ती समुद्रपूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर, गिरडच्या पलीकडे. थूलभाऊ तिथे आरोग्यसेवक होते. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, उंच, किंचित वाकलेले, नेहमी पांढरा हाफ शर्ट. दर पंधरा दिवसांनी घरोघर फिरून कोणाला ताप आला होता का ते विचारायचं, ताप असेल त्याचं रक्त काचेवर घ्यायचं, मलेरिया निघाला तर गोळ्या द्यायच्या, हे त्यांचं काम. ते मला "सिस्टर" म्हणत आणि बाळंतपणं सोडून बाकी जवळजवळ सगळं काम मी त्यांच्याकडूनच शिकले.

त्यांच्याबरोबर फिरताना पहिली गोष्ट कळायची ती ही, की हा माणूस घरात शिरला की आधी पाण्याकडे बघतो. टाकं, रांजण, मागच्या अंगणातला फुटका टब, गुरांचं डोणं. "मच्छर जातपात पाह्यत नाई सिस्टर, निस्तं पाणी पाह्यते," असं म्हणत ते स्वतःच टब उपडा करायचे. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करून घासा, हे ते प्रत्येक घरी सांगत. दवाखान्यामागच्या हौदात त्यांनी गप्पी मासे पाळले होते. प्लास्टिकच्या डब्यातून ते मासे गावोगावच्या विहिरींत, टाक्यांत सोडत फिरत. औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या, तेव्हा एका घरी ती कोंबडीच्या पिल्लांवर टाकलेली दिसली. मी चिडले. थूलभाऊ उंबरठ्यावर बसले आणि घरच्या सुनेला म्हणाले, "पिल्लं तं तुही चांगली हायेत बाई. पण हे डास सांजच्यापासून पहाटपर्यंत चावतात, आणि तुह्या पोटात बाळ हाय. तुले ताप आला तं दोघायच्या जिवावर येईन. पिल्लाईले डालगं दे, मच्छरदाणी तू घे." पुढच्या फेरीला जाळी खाटेवर होती.

गोळ्यांच्या बाबतीत ते फार कडक होते. गोळी समोर गिळायची, मग दोन वाक्यं बोलून दाखवायची, म्हणजे जिभेखाली लपवलेली नाही हे कळतं. आमच्याकडे जास्त करून दिसतो त्या मलेरियाच्या मोठ्या गोळ्यांनी तीन दिवसांत ताप उतरतो आणि माणूस शेतावर जातो. लहान गोळ्या मात्र चौदा दिवस घ्यायच्या असतात, त्या कोणी पुऱ्या करत नाही. थूलभाऊ चौदाही दिवस सायकल काढत. "ताप गेला म्हंजे दुखणं गेलं नाई," ते म्हणत. "ते काळजात दडून बसते. दोन महिन्यानं, सा महिन्यानं, त्याचं मन होईन तवा भाईर येते." काळीज म्हणजे त्यांना यकृत म्हणायचं असे. गरोदर बाईला या लहान गोळ्या द्यायच्या नाहीत, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात तीनदा बजावलं होतं.

आणि दुसऱ्या जातीचा, मेंदूवर जाणारा मलेरिया. त्याचं नाव ते क्वचित घेत. कोणी जंगलपट्ट्यातून, धानाच्या रोवणीहून परत आलं असं कळलं की ते त्याच दिवशी त्या घरी पोचत. माझ्यासमोरच एकदा असा एक मजूर आला. झटपट तपासणीची पट्टी केली, साफ निघाली. मी हातमोजे काढले. थूलभाऊंनी त्याची काचही घेतली. दुसऱ्या दिवशी परत घेतली, तिसऱ्या दिवशी परत. तिसरी काच तंत्रज्ञाने पाहिली आणि तिच्यात तो विषारी मलेरिया निघाला. लगेच गोळ्यांचं पाकीट सुरू झालं, माणूस वाचला. "एक काच साफ निघाली म्हंजे माणूस साफ हाय, असं कधी समजू नका," एवढंच थूलभाऊ मला म्हणाले. शाबासकी घ्यायला ते थांबले नाहीत. मागच्या ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसले. मला वाटलं, थकले असतील.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात ती गोष्ट घडली. महिन्याची बैठक दुसऱ्या दिवशी होती. आधीच्या बैठकीत पर्यवेक्षकांनी मला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, "तुमच्या गावात कोणाला तापच येत नाही का हो मॅडम? रक्तनमुने इतके कमी कसे?" या खेपेलाही माझ्या काचा कमी भरत होत्या. दुपारी उपकेंद्रात आम्ही दोघंच होतो. मी टेबलावर तीन कोऱ्या काचा मांडल्या, स्वतःच्या अनामिकेवर स्पिरिट लावलं आणि हसत म्हटलं, "भाऊ, आज माझ्याच बोटातून तिघांचं करते."

खुर्ची मागे पडल्याचा आवाज आला. थूलभाऊंनी माझं मनगट धरलं. सुई माझ्या बोटांतून खाली पडली. त्यांनी तिन्ही काचा उचलल्या, मोरीत नेऊन धुतल्या. कोऱ्याच होत्या, तरी धुतल्या. मग पडलेली खुर्ची सरळ करून माझ्यासमोर बसले.

"नाल्यापलीकडच्या टोलीवरचा अंबादास तुमाले माहीत हाय ना?"

मला माहीत होता. चाळिशीकडे आलेला, त्या लहानशा वस्तीवर म्हाताऱ्या आईबरोबर राहणारा, कोणाशी फार न बोलणारा माणूस. बायको तापाने गेली आणि त्याने पुन्हा लग्न केलं नाही, एवढं मी ऐकलं होतं.

"त्याच्या बायकोचं नाव रंजना," थूलभाऊ म्हणाले. "तुमी इथं यायच्या सात-आठ वर्सं आधीची गोष्ट. दोघं गडचिरोलीकडे रोवणीले गेलते. परत आले तं तिले ताप. मले एसटीच्या थांब्यावर कोणीतरी सांगतलं. जातो म्हटलं. पण नाल्याले पूर होता, आन् दुसऱ्या दिवशी बैठक. टोलीवरच्या पाच काचा कमी होत्या. मी खोलीत बसून पाचही माह्या बोटातून काढल्या. पाचवीवर तिचं नाव लेहलं. तापवाली हाय हे मालूम होतं, म्हणून मुद्दाम तिचं लेहलं. खरं दिसाव म्हणून."

ते थांबले. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती.

"मनात होतं, पूर उतरला का जाऊन खरी काच घेईन. पूर उतरला. मी गेलो नाई. माह्या साळ्याच्या घरी कार्यक्रम होता, तिकडे गेलो. इकडे अंबादास दवाखान्यात विचाराले आला. बाबूनं रजिस्टर पाह्यलं. रंजनाचं नाव, पुढं निगेटिव्ह. साधा ताप हाय म्हणून सांगतलं, तापाच्या गोळ्या देल्ल्या. तो बेफिकीर झाला. निंदणाले जाऊ लागला. चौथ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले आन् झटके आले. वर्ध्याले नेता नेता जीपमधी गेली."

मोठ्या दवाखान्यात, ती गेल्यावर, तिचं रक्त पाहिलं गेलं. मेंदूचा मलेरिया. मग चौकशी आली. रंजनाच्या नावाची काच शोधून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तंत्रज्ञाने पाहिली, वरच्या साहेबांनी पाहिली. काच साफ होती. कधीकधी रक्तात जंतू सापडत नाहीत, असा शेरा मारून कागद बंद झाला.

"साफच असणार ना सिस्टर," थूलभाऊ म्हणाले. "मले कुठं ताप होता? मी मातीले गेलतो तिच्या. अंबादासनं माह्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हणे, भाऊ, तुमी तं रक्त नेलं होतं, माहीच चूक झाली, मीच उशीर केला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राह्यलो. त्या कागदावर अजून तिच्या नावापुढं माहं रक्त हाय."

मग ते उठले, सायकल काढली आणि टोलीकडे निघून गेले. त्या दिवशी टोलीवर जायचा वार नव्हता.

त्यांच्या सगळ्या सवयी मला नव्याने दिसू लागल्या, आणि त्या पाहवत नसत. टोलीवर गेलं की ते अंबादासच्या दारात सर्वांत जास्त वेळ थांबत. त्याच्या आईचं टाकं स्वतः घासून देत. अंबादास त्यांना बाज टाके, चहा देई. ते चहा घेत, पण त्याच्याकडे बघून कधी बोलत नसत, भिंतीकडे बघून बोलत. त्या भिंतीवर रंजनाचा फोटो होता. हिरवं लुगडं, कपाळाला मोठी टिकली, फोटोवाल्याने सांगितलं म्हणून ताठ बसलेली. एकदा फवारणीचं पथक आलं तेव्हा अंबादासने तो फोटो काढून थूलभाऊंच्या हातात दिला, "धरजा जरा भाऊ, औषध उडीन." सगळं घर फवारून होईपर्यंत ते फोटो छातीशी धरून उन्हात उभे होते. मी म्हटलं, सावलीत या. ते आले नाहीत.

"सांगून टाका त्याला," मी त्यांना दोनदा म्हटलं.

"नोकरी जाईन," ते म्हणाले. "दोन पोरी हायेत लग्नाच्या. रिटायर झालो का सांगतो. बाबासाहेबाच्या फोटोसमोर बसून ठरवलं हाय."

मी गप्प बसले. मला ते त्यांचं गुपित वाटे, माझं नाही. चार वर्षं मी टोलीवर जात होते, अंबादासच्या हातचा चहा पीत होते, आणि मी गप्प बसले होते. हे आज लिहिताना बोट अडतं, पण लिहायला हवं.

निवृत्तीचा कार्यक्रम आरोग्य केंद्राच्या आवारात झाला. मंडप, शाल-श्रीफळ, भाषणं. या पट्ट्यातला मलेरिया कमी झाला तो या एका माणसाच्या सायकलीमुळे, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. गावकऱ्यांपैकी कोणाला बोलायचं आहे का, असं विचारलं तेव्हा मागून अंबादास उठला. त्याला माईकसमोर मी कधी पाहिलं नव्हतं. धुतलेला सदरा घालून आला होता, हातात झेंडूचा हार.

"मले बोलता येत नाई," तो म्हणाला. "माही बायको मलेरियानं गेली. तवा काई लोक म्हणत, दवाखान्यावाल्याची चूक हाय. मी आज सगळ्यायसमोर सांगतो, थूलभाऊची काई चूक नोती. त्याईनं टायमावर रक्त नेलं होतं. चूक माही होती. मी तिले लवकर नेलं नाई. माहे सासरचे अजून माह्याशी बोलत नाईत, त्याईचं बरोबर हाय. पण भाऊनं त्याच्यानंतर माह्या घराची पायरी सोडली नाई, भावासारखे आले." त्याने हार घातला आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

टाळ्या झाल्या. थूलभाऊ उत्तराला उभे राहिले. माईक धरून उभेच राहिले. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. कोणीतरी त्यांना खुर्चीवर बसवलं. मी समोर बसले होते. त्या क्षणी मी उठून काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दाराशी आले. तोच पांढरा शर्ट, खिशात घडी केलेला कागद. "सिस्टर, चला माह्यासंग. एकट्यानं पाय उचलत नाई."

अंबादास अंगणात तुरीच्या काड्यांचा कूड बांधत होता. आम्हाला पाहून त्याने बाज पुसली. थूलभाऊ बसले नाहीत. उभ्यानेच, कसलीही सावरासावर न करता, सगळं सांगितलं. पूर, बैठक, पाच काचा, साळ्याच्या घरचा कार्यक्रम. काहीही वगळलं नाही. अंबादासच्या हातात सुतळी होती, ती तशीच राहिली.

त्याने विचारलं, "म्हंजे त्या दिवशी तिचं रक्त घेतलंच नोतं?"

"नाई."

"कोणी आलंच नोतं?"

"नाई आलो मी."

अंबादास खाली बसला. "मंग रंजना खरं सांगत होती," तो म्हणाला. तो आमच्याशी बोलत नव्हता. "मी दवाखान्यातून आलो आन् तिले म्हटलं, तुहं रक्त साफ हाय, भिऊ नको. ते म्हणे, माहं रक्त कोणी नेलं नाई. मी म्हटलं, नेलं हाय, रजिस्टरात नाव हाय तुहं. ते म्हणे, नाई जी, कोणी नाई आलं, तुमी काऊन आयकत नाई? मले वाटलं, तापात बरळून राह्यली. मी तिच्यावर खेकसलो. त्याच्यावर ते काई बोललीच नाई मंग."

आत त्याची आई खोकली. थूलभाऊंनी खिशातला कागद काढला. सगळी हकिगत स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली होती. "हे ठेव. पोलिसाले दे, साहेबाले दे, पेपरात दे. मी नाई म्हणणार नाई."

अंबादासने कागद घेतला नाही. थूलभाऊंनी तो बाजेवर ठेवला. मग अंबादासने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले कवापासून मालूम होतं, सिस्टर?"

"चार वर्षं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. "जा आता दोघंई," तो म्हणाला. "चहा नाई मांडत."

त्याने तक्रार केली नाही. निदान माझ्या कानावर तरी आली नाही. त्यानंतर मी फेरीला गेले की तो घरात नसे. म्हातारीला ताप आला तेव्हा तो तिला सायकलवर बसवून थेट आरोग्य केंद्रात घेऊन गेला, मला बोलावलं नाही. थूलभाऊ निवृत्तीनंतर समुद्रपूरला राहायला गेले. मी अधूनमधून जाई. ते खंगत चालले होते. अंबादासविषयी ते कधी विचारत नसत. पण मी टोलीवरून आले आहे असं कळलं की माझ्या तोंडाकडे बघत राहत, आणि मी दुसरंच काही बोलू लागले की मान खाली घालत. दीड वर्षाने त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीभ गेली होती. शेवटच्या भेटीत त्यांनी डाव्या हाताने माझं बोट धरलं, आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. आठवड्याने गेले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरासमोर मंडप होता. वंदना झाली, लोक जेवायला बसले. मी बाहेर आले तर रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर अंबादास बसला होता. मंडपात आला नव्हता. मी त्याच्याकडे गेले. बसा म्हणाला नाही, पण पायरीवर थोडा सरकला.

"सासरी गेलतो," तो म्हणाला. "तो कागद घेऊन. इतक्या वर्सानं सासूनं दार उघडलं. तिले वाचता येत नाई, मी वाचून दाखोला. मले वाटलं, थूलभाऊले शिव्या देईन. नाई देल्ल्या. एकच इचारलं, माही पोरगी शेवटी काय म्हणत होती? मी सांगतलं. ते खरं बोलत होती आन् मी आयकलं नाई, हे बी सांगतलं. मंग तिनं मले जेवाले वाढलं."

मंडपातून ताटांचा आवाज येत होता. अंबादास उठला, गमछा झटकला.

"याले माफ केलं का नाई, ते मले नोका इचारू, सिस्टर," तो म्हणाला. "मलेच मालूम नाई. पण मेलेल्या माणसाच्या दारी एकदा येऊन जाव असं वाटलं, म्हणून आलो."

मला माझ्याबद्दल विचारायचं होतं. धीर झाला नाही. तो एसटीच्या थांब्याकडे चालत गेला, मी तिथेच उभी राहिले.

त्या महिन्यात माझ्या काचा पुन्हा कमी भरल्या. बैठकीत मला उभं केलं, कारण विचारलं. ज्या घरी ताप नव्हता त्या घरचं रक्त घेतलं नाही, असं मी म्हटलं. पर्यवेक्षकांनी ते लिहून घेतलं आणि खुलासा मागणारं पत्र दिलं. आता मी वर्ध्याजवळ पिपरी मेघे इथे राहते, बदली होऊन बरीच वर्षं झाली. अशी पत्रं, एकूण तीन, माझ्या कपाटात आहेत. टोलीवर शेवटची फेरी केली त्या दिवशी अंबादासच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सासूला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन गेला आहे, दोन दिवसांनी येईल. मी थोडा वेळ दारात थांबले आणि पुढच्या घरी गेले. तिथल्या सुनेला सकाळपासून थंडी वाजत होती.